कर्तरि प्रयोग

मागील खेपेस आम्हीं याच जागीं पाठांतराचा कैवार घेतला होता. आठव्या वर्षीं मुखोद्गत झालेलें साठाव्या वर्षीं अडत नाहीं, असें आमचें म्हणणें होतें, व तें आजही आम्हांस मान्य आहे. परंतु त्या लेखावर एका वाचकभगिनीचें पत्र आलें आणि त्या पत्रानें आमचें दोन दिवसांचें स्वास्थ्य घालविलें. त्या लिहितात: "आमचा चिरंजीव सातवींत आहे. लोहचुंबकाचे गुणधर्म तो घडाघडा म्हणून दाखवितो. त्या विषयांत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. परवां शिवतांना माझ्या हातून सुयांची डबी सांडली. चिरंजीव ओणवे होऊन एकेक सुई शोधूं लागले. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंची मुलगी तेथेंच बसली होती. ती उठली, फ्रिजच्या दारावर चिकटविलेलें चुंबकाचें फुलपांखरूं काढून आणलें आणि जमिनीवरून फिरविलें. सुया गोळा झाल्या. ही मुलगी शाळेंत यथातथाच आहे. आतां आपल्या पाठांतराचें आम्हीं काय करावें, तें कळवावें."

या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती आम्हीं आजवर या पानावर कधीं लिहिली नाहीं.

आम्ही जुने मॅट्रिक. संस्कृत हा आमचा विषय. परंतु लहान गांवच्या शाळेंत ज्याचा जो विषय त्यास तोच मिळतो, असें नाहीं. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली, म्हणजे तो तास आमच्या गळ्यांत पडे. शाळेंत एक कांचेचें कपाट होतें. त्यांत नालाच्या आकाराचा लोहचुंबक, दोन भिंगें, एक पितळी तराजू, विजेची घंटा आणि परीक्षानळ्या अशी सामग्री होती. तिची किल्ली आमच्या जानव्यास असे. तपासणीच्या दिवशीं कपाट उघडे, वस्तू पुसून टेबलावर मांडल्या जात, आणि साहेबांची पाठ फिरली कीं पुन्हां आंत जात. मुलांनीं त्या कांचेंतून पाहाव्यात व त्यांचीं नांवें पाठ करावींत, इतकाच त्यांचा उपयोग आम्हांस माहीत होता. एकदां तपासणीच्या गडबडींत कपाट उघडें राहिलें. विहिरीवरचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचा मुलगा वर्गांत होता. त्यानें घंटेचे स्क्रू सोडविले आणि आंतील लोखंडी पट्टी मागेंपुढें कशी होते, तें पाहत बसला. आम्हीं त्याच्या हातावर छडी मारली. घंटा बिघडली नव्हती. त्यानें ती पूर्ववत् जोडून ठेवली होती, हें आम्हांस मागाहून समजलें. पुढील वर्षीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. त्याचें कारण आमची छडी होती, असें म्हणण्यास आधार नाहीं. नव्हती, असें म्हणण्याचें धैर्यही नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर एका स्नेह्याच्या घरीं एक लहानसें पुस्तक आमच्या हातीं आलें, आणि तें चाळतां चाळतां ती घंटा पुन्हां आमच्या कानांत वाजूं लागली. त्या पुस्तकाच्या कर्त्याचें चरित्र हेंच वरील पत्रास आमचें उत्तर आहे.

श्री. अरविंद गुप्ता यांचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांस, निदान त्यांच्या मुलांस, ठाऊक असेल. त्यांचा जन्म १९५३ सालीं उत्तर प्रदेशांतील बरेली येथें झाला. कानपूरच्या आय. आय. टी.मधून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी त्यांनीं १९७५ सालीं मिळविली. तेथें विद्यार्थी असतांनाच भोजनगृहांतील नोकरांच्या मुलांस ते शिकवीत असत. पुढें ते पुण्यास टेल्को कंपनींत अभियंते म्हणून लागले. मालमोटारी बनविणारा तो नामांकित कारखाना. तशा नोकरीसाठीं आमच्या समाजांतील मातापित्यांनीं त्या काळीं सत्यनारायण बोलले असते. परंतु १९७८ सालीं या तरुणानें एक वर्षाची रजा घेतली आणि तो मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत, ज्यास आतां नर्मदापुरम् म्हणतात तेथें, खेड्यांतील शाळांचें विज्ञान पाहावयास गेला.

तेथें काय चाललें होतें, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील श्री. अनिल सद्गोपाल यांनीं ती संस्था सोडून त्या जिल्ह्यांत 'किशोर भारती' नांवाची संस्था काढली होती. ही संस्था व रसुलिया येथील मित्र मंडळाचें ग्रामीण केंद्र, या दोघांनीं मिळून १९७२ सालीं सोळा शाळांत एक उपक्रम आरंभिला. त्याचें सूत्र असें कीं, मुलानें व्याख्या पाठ करूं नये. चौघांच्या टोळीनें प्रयोग करावा, दिसलें तें लिहावें, आणि अनुमान आपल्या शब्दांत मांडावें. परीक्षेस बसतांना पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा असे. ज्यास प्रश्न समजला आहे त्यासच पुस्तकाचा उपयोग होतो, हें त्यामागील मर्म. १९७८ सालीं सरकारनें हा उपक्रम जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक वर्गांस लागू केला. मोठमोठे शास्त्रज्ञ सुटींत तेथें येऊन खेड्यांतील गुरुजनांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत.

परंतु प्रयोगास सामग्री लागते, सामग्रीस पैसा लागतो, आणि पैसे देऊन आणलेली वस्तु फुटेल या भयानें गुरुजी ती कपाटांत ठेवतात. त्या कपाटाचें वर्णन आम्हीं वर केलेंच आहे. श्री. गुप्तांनीं या कुलपास जी किल्ली शोधली, ती आठवड्याच्या बाजारांत मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्हला बसविण्याची बारीक रबरी नळी त्यांनीं तेथें पाहिली. तिच्या तुकड्यांत काड्यापेटींतील काडी घट्ट बसते, एवढें त्यांच्या ध्यानांत आलें. आणि खेड्यांतील मुलास दोन पैशांत भूमिति हातांत धरण्याची सोय झाली.

ती कृति अशी. नळीचे बोटाच्या पेराहून आंखूड असे तुकडे कापावे. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी घातली कीं दोन काड्यांचा लवचीक सांधा झाला. असे तीन तुकडे व तीन काड्या जोडल्या कीं त्रिकोण होतो; चार व चार जोडल्या कीं चौकोन. आतां दोन्ही आकृति चिमटींत धरून दाबून पाहाव्या. चौकोन कलतो आणि पतंगासारखा तिरपा होतो. त्रिकोण कांहीं केल्या हलत नाहीं. तीन बाजूंची लांबी ठरली म्हणजे कोनही ठरतात, चार बाजूंच्या आकृतींत ते ठरत नाहींत, हा नियम आम्हीं फळ्यावर कितीदां लिहिला असेल! परंतु घराच्या छपरास कैची कां असते, विजेच्या मनोऱ्यांत व रेल्वेच्या पुलांत जिकडे तिकडे त्रिकोणच कां दिसतात, हें आमच्या एकाही विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें नाहीं. आणि आम्हीं सांगितलें नाहीं, कारण आमच्याही तें मनांत आलें नव्हतें. नळीच्या तुकड्यास कांट्यानें भोंक पाडून तिसरी काडी खुपसली कीं तीन काड्यांचा सांधा होतो. तसे चार सांधे व सहा काड्या घेतल्या कीं चार त्रिकोणांचा लहानसा मनोरा उभा राहतो, आणि त्यावर पुस्तक ठेवलें तरी तो आपला आकार सोडीत नाहीं. उलट बारा काड्यांचा घन करावा, तर तो लडबडतो. त्याच्या सहाही बाजूंस एकेक कर्ण घातला म्हणजे ताठ होतो. हें वाचून पटतें. पण काड्या चिमटींत धरल्यावर जें पटतें तें निराळें.

याच सामग्रीवर त्यांनीं आपलें पहिलें पुस्तक लिहिलें: 'मॅचस्टिक मॉडेल्स अँड अदर सायन्स एक्सपेरिमेंट्स'. त्याचीं बारा भारतीय भाषांत रूपांतरें झालीं व पांच लाखांहून अधिक प्रती खपल्या. नोकरींत परत जाऊन स्थिरावण्याऐवजीं त्यांनीं हाच व्यवसाय पत्करला. पुढें पुस्तकांमागून पुस्तकें आलीं. २०११ पर्यंत त्यांनीं स्वतः लिहिलेलीं पुस्तकें पंचविसांच्या घरांत गेलीं होतीं, आणि मुलांसाठीं व शिक्षकांसाठीं हिंदींत आणलेलीं इतरांचीं पुस्तकें सुमारें दीडशें. दूरदर्शनवर त्यांचे अनेक बोधपट झाले. मुलांमध्यें विज्ञानप्रसार करणारास राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा निघाली, तेव्हां १९८८ सालीं पहिला मान त्यांस मिळाला. २०१८ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

आमच्या पुण्याशीं त्यांचा संबंध टेल्कोपुरता राहिला नाहीं. विद्यापीठाच्या आवारांत प्रा. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ सालीं स्थापन झाली. तींत मुलांसाठीं 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाची देणगी तिच्या वास्तूस लाभली. वास्तूचें नांव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतील एका ताऱ्याचें हें नांव, आणि त्यांत पुलंचेंही नांव आलें. येथें श्री. गुप्ता २०१४ पर्यंत काम करीत होते. येथेंच त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाकाऊ वस्तूंचीं शेंकडों खेळणीं केलीं, त्यांच्या लहान लहान चित्रफिती काढल्या, आणि पुस्तकें व कृति संकेतस्थळावर सर्वांस विनामूल्य खुल्या करून ठेवल्या. कोणत्याही कपाटास त्यांनीं कुलूप म्हणून ठेवलें नाहीं.

भाषेचा शिक्षक म्हणून आम्हांस त्यांच्या लेखनांतील एका गोष्टीचें विशेष कौतुक वाटतें. व्याकरणांत प्रयोग तीन: कर्तरि, कर्मणि आणि भावे. आमच्या पाठ्यपुस्तकांतील शास्त्राचे प्रयोग बहुधा कर्मणि असतात. 'एक चंचुपात्र घेतलें जातें. त्यांत पाणी ओतलें जातें.' कोण घेतो, कोण ओततो, हें शेवटपर्यंत कळत नाहीं. म्हणून कोणी घेतही नाहीं व ओततही नाहीं. श्री. गुप्तांचें वाक्य 'घे', 'काप', 'फुंक' असें असतें. त्यांत कर्ता मूल असतें. शब्द मोजके, आणि प्रत्येक पायरीस एक रेखाचित्र. ज्यास वाचतां येत नाहीं त्यासही चित्रांवरून खेळणें करतां यावें. आम्हीं छत्तीस वर्षें कर्तरि प्रयोगाची व्याख्या पढविली. त्याचें उदाहरण आम्हांस एका अभियंत्यानें दाखविलें.

त्यांची विजेची मोटार घ्या. विजेरीचा एक सेल, त्याच्या दोन टोंकांस सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यानें आंवळलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर चिकटविलेला एक चुंबक, आणि पिनांच्या छिद्रांत दोन्ही टोंकें टेकलेलें तांब्याच्या रोगणी तारेचें एक वेटोळें, झाली मोटार. सारी खुबी रोगण खरवडण्यांत आहे. तारेचें एक टोंक सर्व बाजूंनीं खरवडावें, दुसरें अर्ध्याच बाजूनें. वीज वाहूं लागली कीं वेटोळें स्वतःच चुंबक होतें व फिरूं लागतें. वीज सतत राहिली, तर अर्धा फेरा होतांच तेंच आकर्षण त्यास मागें ओढील व तें डोलून थांबेल. न खरवडलेली बाजू खालीं आली कीं वीज तुटते, वेटोळें आपल्या वेगानें पुढें जातें, आणि वीज पुन्हां लागते. आमच्या शाळेंतील घंटेचें तत्त्वही याच जातीचें: वीज लागते, पट्टी ओढली जाते, ओढली गेल्यानें वीज तुटते, पट्टी परत येते. त्या मुलास तेंच पाहावयाचें होतें. त्यानें तें पाहिलें. आम्हीं मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, साठी उलटल्यावर, एका पुस्तकावरून पाहिलें.

कोणी म्हणेल, हें हाताचें शास्त्र आमच्या परंपरेंतलें नव्हे. आम्हांस तसें वाटत नाहीं. शुल्बसूत्रें आम्हीं वाचलीं आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदीची जमीन मोजणारे ते लोक खुंट्या ठोकीत, दोरीवर खूण करून ती ताणीत आणि काटकोन साधीत. काटकोनचौकोनाच्या कर्णावरील चौरस हा दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हें बौधायनानें दोरीच्याच भाषेंत सांगितलें. श्येनाच्या आकाराची चिति रचावयाची, तर एकेका थरांत दोनशें विटा, असे पांच थर. आणि दर थरांत विटांचे सांधे वेगळे पडले पाहिजेत. हें काम मातीनें हात भरल्याखेरीज होत नाहीं. पुढें आम्हीं सूत्र जतन केलें आणि दोरी टाकून दिली. ज्यांच्या हातांत दोरी, कानस आणि पक्कड राहिली, त्यांस सूत्र दिलें नाहीं. 'हें सर्व आमच्याकडे होतेंच' असें सभेंत म्हणणें सोपें आहे; घरीं येऊन दोरीची एक गांठ मारणें कठीण.

आतां पाठांतराच्या बाजूनें दोन शब्द. नाहींतर आम्हीं मागील लेख मागें घेतला असें कोणी म्हणेल. खेळणें करतां आलें म्हणजे शास्त्र आलें, असें नाहीं. शीतपेयाच्या नळीचें तोंड चपटें करून, दोन कोपरे कापून, फुंकलें कीं पिपाणी वाजते. वाजवितां वाजवितां दुसरें टोंक कात्रीनें कापीत गेलें कीं सूर चढत जातो. मूल हंसतें, टाळ्या वाजवितें. तेथेंच थांबलें तर ती करमणूक झाली. नळी आंखूड झाली कीं सूर कां चढला, बांसरीचीं छिद्रें याच न्यायानें आहेत काय, हा प्रश्न विचारला आणि आंतील हवेचा स्तंभ जितका आंखूड तितकीं तिचीं कंपनें जलद, हें त्यास शब्दांत मांडतां आलें, तरच तें शास्त्र. आणि शब्द स्मरणांत राहावयास पाठांतर लागतेंच. श्री. गुप्तांच्या खेळण्यांचा हस्तकलेच्या तासास उपयोग करून प्रश्न मात्र टाळावयाचा, असें शाळांत होऊं शकतें, आणि हा दोष खेळण्यांचा नाहीं. होशंगाबादचा उपक्रमही तीस वर्षें चालून २००२ सालीं राज्य सरकारनें बंद केला. तेव्हां चांगली गोष्ट एकदां सुरू झाली म्हणजे आपोआप टिकते, या भ्रमांत कोणी राहूं नये. ती दर पिढीस, दर घरांत, पुन्हां सुरू करावी लागते.

म्हणून त्या वाचकभगिनीस आमचें उत्तर असें. बाई, आपल्या चिरंजीवाचें पाठांतर सोडवूं नका. परंतु येत्या सुटींत सायकलच्या दुकानांतून हातभर व्हॉल्व्हची नळी आणा, काड्यापेटी आणा, काड्यांचें गुल आपण स्वतः खरवडून टाका, आणि घरांतील सतरंजीवर ती मांडून चिरंजीवास बसवा. त्याच्या शेजारीं ज्या मुलीनें सुया गोळा केल्या तिलाही बसवा; पाहुणी म्हणून नव्हे, बरोबरीची म्हणून. त्याच्या व्याख्या तिच्या कानांवर पडूं द्या, तिची युक्ति त्याच्या हातांत येऊं द्या. चौकोन कां कलतो, हें दोघांनीं एकमेकांस सांगावें. आपण मध्यें बोलूं नये. एखादी वस्तु मोडली तर ती कशी मोडली, एवढेंच विचारावें.

दसऱ्यास आमच्या घरीं पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होते. गेल्या दसऱ्यास आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, पाटीच्या शेजारी पक्कड ठेवली तर चालेल का?" घरांतून कोणीतरी "अगं, ती कसली पूजेला!" म्हणालें. आम्हीं पक्कड धुऊन पुसून तिच्या हातीं दिली. तिनें तिला हळदकुंकू वाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं तिच पक्कड घेऊन आमचें बंद पडलेलें गजराचें घड्याळ उघडलें. तें अजून चालू झालेलें नाहीं. तिनें तें पुन्हां जोडून ठेवलें आहे, आणि आम्हीं विचारल्यावर आंत काय काय आहे तें सारें क्रमानें सांगितलें. तें आम्हीं आतां पाठ करीत आहों.